यादवीत वाढलेली कन्या : सुझी किंग टेलर (१८४८–१९१२)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत इ. स. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत जी यादवी माजली, तिची ओळख आपल्याकडील सुशिक्षितांस बहुधा दोन वाटांनी झालेली असते. एक वाट अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या चरित्राची. दुसरी कापसाच्या भावाची. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी केली, लँकशायरच्या गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या व गुजरातेच्या कापसास सोन्याचे मोल आले. त्या पैशाच्या पुरात मुंबईत शेअरांचा जुगार कसा रंगला, बॅकबेची जमीन समुद्रातून वर येण्यापूर्वीच तिच्या कंपनीचे भाग कसे आकाशाला भिडले आणि १८६५ साली युद्ध संपताच हा सारा डोलारा कसा कोसळला, हे आपण अनेकदा वाचले आहे. परंतु ज्या किनाऱ्यावरून तो कापूस येईनासा झाला, तेथे तो पिकविणाऱ्या माणसांचे त्या चार वर्षांत काय झाले, याची विचारपूस आपण क्वचितच केली.

त्या माणसांपैकी एका मुलीची हकीगत येथे सांगावयाची आहे. युद्ध सुरू झाले तेव्हा ती बारा वर्षांची होती. संपले तेव्हा सोळा पूर्ण होऊन सतरावे चालू होते. मुलीच्या आयुष्यातील जी वर्षे घडणीची, तीच तिच्या देशाच्या यादवीची. आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत सातासमुद्रापलीकडील या मुलीचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांस पडेल. त्याचे उत्तर तिच्या जन्मसालातच आहे. ज्या १८४८ साली पुण्यास भिडे यांच्या वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा उघडली, त्याच वर्षी ऑगस्टच्या ६ तारखेस जॉर्जिया संस्थानातील लिबर्टी परगण्यात, आइल ऑफ वाइट नावाच्या ठिकाणी ग्रेस्ट कुटुंबाच्या मळ्यावर सुझन बेकर ऊर्फ सुझी हिचा जन्म झाला. परगण्याचे नाव लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्य. आणि मुलगी मात्र जन्मतःच गुलाम! भावंडांत ती थोरली.

सुझी साधारण सात वर्षांची असताना तिला व तिच्या दोन भावंडांना सवाना शहरी आजीकडे धाडण्यात आले. ही आजी, डॉली रीड, मोठी कर्ती बाई होती. गावाकडून अंडी, कोंबड्या आणून ती शहरात विकी, शहरातला माल गावी नेई. तिला स्वतःला लिहितावाचता येत नव्हते. पण नातवंडांना ते यावे, असा तिने निर्धार केला होता.

हा निर्धार किती धोक्याचा होता, हे समजण्यास तेथील कायदा पाहिला पाहिजे. गुलामाला अथवा स्वतंत्र कृष्णवर्णीयालाही लिहावयास-वाचावयास शिकविणे हा जॉर्जियात १८२९ पासून गुन्हा होता. शिकविणारा गोरा असेल तर दंड व तुरुंग, काळा असेल तर दंड व फटके. आपल्याकडे शूद्रातिशूद्रांना व स्त्रियांना विद्येची बंदी होती ती रूढीची व धर्मवचनांची. तिकडे ती विधिमंडळाने ठराव करून घातली होती. रूढीपेक्षा कायदा अधिक कठोर की कायद्यापेक्षा रूढी अधिक चिवट, याचा निवाडा वाचकांनीच करावा. एवढे मात्र खरे की कायदा रद्द करता येतो आणि त्याची तारीख सांगता येते.

अशा या शहरात श्रीमती वुडहाउस नावाची एक विधवा, स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्री, आपल्या घरच्या स्वयंपाकघरात शाळा चालवीत असे. पंचवीस-तीस मुले, मदतीला तिची मुलगी. पोलिसांच्या वा गोऱ्या माणसांच्या नजरेस पडू नयेत म्हणून पुस्तके कागदात गुंडाळून न्यावयाची. एकदम घोळक्याने जावयाचे नाही. एकेकाने फाटकातून शिरावयाचे, परसातून स्वयंपाकघर गाठावयाचे. शेजारीपाजारी समजत, मुले काही हातकाम शिकावयास येतात. शाळा सुटली की पुन्हा एकेकाने बाहेर पडून जवळच्या चौकात एकमेकांची वाट पाहावयाची. आठ-दहा वर्षांच्या पोरांना बाराखडीबरोबर हे मौनही शिकावे लागले. अडीच डझन मुलांनी ते वर्षानुवर्षे पाळले, याचे प्रस्तुत लेखकास त्यांच्या अक्षरज्ञानाहून अधिक नवल वाटते.

तेथे दोनएक वर्षे झाल्यावर सुझी मेरी बीझली नावाच्या दुसऱ्या बाईंकडे जाऊ लागली. १८६० सालच्या मे महिन्यात या बाईंनी आजीला कळविले की, मला येत होते तेवढे सारे हिला शिकवून झाले, आता दुसरा कोणी पाहा. हे सांगण्यास जो मोठेपणा लागतो तो मोठमोठ्या विद्यालयांच्या अध्यापकांतही सर्वदा आढळत नाही. पुढे केटी ओकॉनर ही गोरी खेळगडी, जी ख्रिस्ती जोगिणींच्या मठातील शाळेत जात असे, तिने वडिलांच्या चोरून चार महिने धडे दिले. ती मठात कायमची राहावयास गेली, तेव्हा घरमालकाचा मुलगा जेम्स ब्लुइस याने शिकविले. १८६१ च्या मध्यास त्याच्या पथकाला दक्षिणेच्या बाजूने लढण्यासाठी व्हर्जिनियातील आघाडीवर जाण्याचा हुकूम आला आणि सुझीचे शिक्षण संपले. म्हणजे कायद्याने जिला एकही गुरू मिळावयाचा नव्हता, तिला एकंदर चार गुरू लाभले, आणि त्यांतील दोघे ज्या वर्णाने कायदा केला त्याच वर्णाचे होते.

या विद्येचा पहिला उपयोग तिने केला तो दाखले लिहिण्याचा. सवानात रात्री नऊची घंटा झाली की दाखल्यावाचून रस्त्यात सापडलेल्या काळ्या माणसास पहारेकरी धरून नेत. गुलामास मालकाचा दाखला लागे, स्वतंत्र माणसाला पालक म्हणून नेमलेल्या गोऱ्याचा. आजीला रात्री कामास जावे लागे, तेव्हा तिचे दाखले ही नात लिही. जी अक्षरे गिरविणे हाच गुन्हा, ती अक्षरे पाहून पहारेकरी वाट सोडीत!

युद्ध जवळ येऊ लागले तशी गोऱ्या मंडळींनी एक कंडी पिकविली होती : उत्तरेचे यांकी लोक काळ्यांना धरतात आणि घोड्यांच्या जागी गाड्यांस जुंपतात. सुझीने आजीला विचारले, हे खरे का? आजीने साफ नाही म्हणून सांगितले. आजीला राजकारण कळत होते. पुढे एका प्रार्थनासभेत स्वातंत्र्याचा उच्चार असलेले भजन म्हटल्याबद्दल पोलिसांनी सभेतील साऱ्यांना पकडले, त्यांत ही आजीही होती. तिच्या गोऱ्या पालकास बोलावून तिची सुटका करावी लागली.

१८६२ च्या एप्रिलच्या आरंभी सुझीला पुन्हा गावी आईकडे पाठविण्यात आले. त्या महिन्याच्या १० व ११ तारखांस उत्तरेच्या तोफखान्याने सवाना नदीच्या मुखावरील पुलास्की किल्ल्यावर भडिमार केला. जाड विटांचा तो किल्ला अभेद्य समजला जाई. नव्या आटेदार तोफांनी तीसेक तासांत त्याला शरण आणले. लष्करी इतिहासकार या वेढ्यास तोफांच्या इतिहासातील मोठे स्थान देतात. सुझीने त्या तोफांचे आवाज आईच्या घरून ऐकले. किल्ला पडल्यावर दोन दिवसांनी तिचा मामा आपले कुटुंब व या भाचीला घेऊन उत्तरेच्या आरमाराच्या आश्रयास सेंट कॅथरिन बेटावर गेला. तेथून पंधरवड्याने त्यांस एका युद्धनौकेवर चढवून सेंट सायमन्स बेटाकडे नेण्यात आले.

नौकेचा कप्तान व्हिटमोर याने तिला विचारले, तुला वाचता येते काय? तिने होय म्हटले. लिहिता? तेही येते, ती म्हणाली. कप्तानाला खरे वाटेना. त्याने पुढे पुस्तक व लेखणी केली. तिने आपले नाव व गावाचे नाव लिहून दाखविले. सात वर्षे कागदात गुंडाळून ठेवलेली विद्या तिने प्रथमच कोणाच्या देखत, दिवसाउजेडी उघड केली. बेटावर पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत आरमाराच्या अधिकाऱ्यांनी तिला विचारले की, येथील मुलांची शाळा चालवशील का? पुस्तके मिळाली तर आनंदाने चालवीन, असे तिने उत्तर दिले. एक-दोन आठवड्यांत उत्तरेकडून पुस्तके व बायबलच्या प्रती आल्या.

तिला चौदावे चालू होते. दिवसा चाळीसेक मुले आणि रात्री दिवसभर राबून आलेली मोठी माणसे तिच्यापुढे बसू लागली. त्यांस वाचण्यावाचून दुसरे काही सुचत नसे, असे तिने लिहून ठेवले आहे. आपल्याकडे शिक्षिकेला 'बाई' म्हणण्याचा प्रघात आहे. ज्या दिवशी आपल्या मामाच्या वयाचा माणूस तिच्यापुढे मुळाक्षरांचे पुस्तक उघडून बसला, त्या दिवशी या सुझीची सुझीबाई झाली. येथून पुढे आपणही तिला त्याच नावाने संबोधू. जॉर्जियात मुक्त झालेल्या गुलामांसाठी उघडपणे चाललेल्या शाळेतील पहिली कृष्णवर्णीय शिक्षिका म्हणून आज तिचे नाव घेतले जाते. (पुण्यास जोतीरावांनी कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली ती १८५५ साली. ही दोन्ही माणसे एकमेकांस ठाऊक असण्याचा संभवच नव्हता. पण दिवसभर राबणाऱ्याला शिकावयाचे तर दिवा लावूनच शिकविले पाहिजे, हे दोघांनाही दिसले.)

या वेळी या लोकांचा कायदेशीर दर्जा काय होता? धड गुलाम नव्हेत, धड स्वतंत्रही नव्हेत. जनरल हंटर याने मे महिन्यात जॉर्जिया, फ्लोरिडा व दक्षिण कॅरोलायना येथील गुलामांस मुक्त केल्याचा जाहीरनामा काढला आणि दहाच दिवसांत स्वतः लिंकन यांनी तो रद्द ठरविला. हंटरने उभारलेले कृष्णवर्णीय पथकही सरकारने मान्य न केल्याने मोडावे लागले. ट्रोब्रिज या अधिकाऱ्याच्या हाताखालील एक तुकडी तेवढी टिकली, ती याच सेंट सायमन्स बेटावर आली. लिंकन यांच्या थोरवीस आम्ही कमी लेखत नाही. परंतु मुक्तीचा हुकूम वरून येण्यापूर्वी हजारो माणसे होड्यांतून व दलदलीतून आपल्या पायांनी मुक्तीकडे चालत आली होती, आणि हुकूम काढणे त्यांनीच भाग पाडले, ही गोष्ट आपल्याकडील चरित्रग्रंथांत यावी तेवढी येत नाही.

त्या वर्षाच्या शरद ऋतूत बेट रिकामे करण्यात आले आणि सुझीबाई दक्षिण कॅरोलायनातील ब्यूफर्ट गावाजवळच्या सॅक्स्टन छावणीत आल्या. तेथे ट्रोब्रिजच्या तुकडीभोवती 'पहिले दक्षिण कॅरोलायना स्वयंसेवक' हे पलटण उभे राहिले होते. त्याचे कर्नल टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन हे पूर्वी धर्मोपदेशक असून गुलामगिरीचे कट्टर वैरी होते. पलटणीच्या दप्तरी सुझीबाईंची नोंद धोबीण म्हणून झाली. याच सुमारास पलटणीतील सार्जंट एडवर्ड किंग यांच्याशी त्यांचा विवाह झाला. आपल्या आठवणींत त्यांनी या विवाहास जेमतेम एक-दोन वाक्ये दिली आहेत. शिपायांना नको असलेल्या लाल गणवेशाविषयी त्या याहून अधिक लिहितात. (तो लाल रंग शत्रूला कोसावरून दिसतो, अशी शिपायांची तक्रार होती आणि ती योग्यच होती.)

१ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा या छावणीत ओकवृक्षांखाली वाचून दाखविण्यात आला; बैल भाजून मोठी मेजवानी झाली. त्यानंतरची तीन वर्षे सुझीबाई पलटणीबरोबर होत्या. दप्तरी काम धुण्याचे. प्रत्यक्षात त्यांनी केले नाही असे काम थोडे. रिकाम्या वेळी शिपायांना लिहावयास-वाचावयास शिकविले. बंदुका उकलून साफ करणे, भरणे, नेम धरून डागणे हे स्वतः शिकल्या. छावणीत देवी आल्या तेव्हा एका शिपायाच्या तंबूत कोणी जाईना. टोचून घेतलेल्या सुझीबाई रोज जात. तो वाचला नाही. ब्यूफर्टच्या रुग्णालयात जाताना क्लारा बार्टन या प्रसिद्ध परिचारिकेची व त्यांची भेट झाली. १८६४ च्या जुलैत चार्ल्स्टनजवळच्या चढाईतून जखमी परत आले तेव्हा छावणीत त्यांना देण्यासारखे काही नव्हते. बाईंनी कासवाची अंडी व डब्यातील आटीव दूध यांची खीर करून त्यांना भरविली. वॅग्नर किल्ल्याजवळच्या वाटेवर मागच्या वर्षीच्या लढाईतील कवट्या पडलेल्या असत. जाता-येता त्या पायाखाली येऊ नयेत म्हणून त्या बाजूला सारून ठेवीत. माणसाच्या मनाला प्रथम भयंकर वाटलेली गोष्ट अंगवळणी कशी पडते, याचा त्यांनी तेथे शांतपणे विचार केला आहे. तेव्हा त्यांना सोळावे होते.

पगाराची गोष्ट विस्ताराने सांगितली पाहिजे. गोऱ्या शिपायास दरमहा तेरा डॉलर मिळत. कृष्णवर्णीयास दहा देऊन त्यांतून कपड्यांसाठी तीन कापण्याचे सरकारने ठरविले, म्हणजे हातात सात. या पलटणीने ते घेण्याचे नाकारले. अर्धी मजुरी घेऊन गुलामीची किंमत मान्य करण्यापेक्षा काहीच न घेणे बरे, अशी त्यांची भूमिका होती. आणि दीड वर्ष त्यांनी काही न घेता रणांगण सांभाळले. तोवर त्यांच्या बायकांनी अधिकाऱ्यांचे कपडे धुऊन व केक-पाय विकून मुले पोसली. १८६४ च्या जूनमध्ये समान वेतनाचा कायदा झाला आणि पुढे मागील बाकीही मिळाली. तोवर या पलटणीचे नाव बदलून संयुक्त संस्थानांचे ३३ वे कृष्णवर्णीय पलटण असे झाले होते. शिपायांना वेतन मिळाले, सुझीबाईंना मात्र चार वर्षांहून अधिक काळच्या सेवेबद्दल एक डॉलरही मिळाला नाही. ही गोष्ट त्या सांगतात, पण तक्रारीच्या सुरात नव्हे.

युद्ध संपले, ९ फेब्रुवारी १८६६ रोजी वॅग्नर किल्ल्यावर पलटण विसर्जित झाले. पती-पत्नी सवानात परतली. एडवर्ड किंग कसबी सुतार. पण काळ्या सुताराला कोणी काम देईना, म्हणून धक्क्यावर जहाजांची हमाली करू लागले. सुझीबाईंनी घरी शाळा काढली, दरमहा डॉलरभर फी. पुढे मोफत शाळा निघाली व विद्यार्थी तिकडे गेले. सप्टेंबर १८६६ मध्ये पती वारले. मूल अजून जन्मावयाचे होते. अठरा वर्षांची विधवा, पदरी तान्हे मूल. त्यांनी गावाकडे शाळा चालवून पाहिली, मग रात्रीची शाळा. रात्रीच्या शाळेचीही तीच गत झाली. मोफत शाळा निघणे ही समाजाला इष्टच गोष्ट. पण ज्यांनी प्रथम शाळा काढली त्यांना तिने निरुपजीविक केले, हेही खरे. अखेर मूल आईपाशी ठेवून सुझीबाई एका धनिकाच्या घरी चाकरीस राहिल्या.

येथे पुन्हा एकदा पुण्याकडे वळणे भाग आहे. १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करण्याच्या कामी औदार्य व स्वार्थत्याग दाखविणाऱ्या तेथील सज्जनांस अर्पण केली. त्या कृतज्ञतेत आपल्याकडील दास्याविषयीची वेदना होती, आणि ती अर्पणपत्रिका आपल्या वाङ्मयाचे भूषण आहे. पण त्याच १८७३ च्या उन्हाळ्यात, त्या मुक्तीसाठी चार वर्षे फुकट राबलेली शिक्षिका आपल्या मालकिणीबरोबर थंड हवेच्या ठिकाणी स्वयंपाकीण म्हणून गेली होती. सज्जनांचे औदार्य कोठवर पोहोचले होते, याचे हे माप पुण्यात बसून कोणास दिसणे शक्य नव्हते.

पुढे त्या बॉस्टनला स्थायिक झाल्या. १८७९ साली रसेल टेलर यांच्याशी पुनर्विवाह केला. १८८६ मध्ये माजी सैनिकांच्या साह्यार्थ असलेल्या स्त्रियांच्या संघटनेची शाखा स्थापण्यात त्यांनी भाग घेतला व १८९३ मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या. १८९८ साली मुलगा लुइझियानातील श्रीव्हपोर्ट येथे अत्यवस्थ असल्याचे कळले, तेव्हा त्या दक्षिणेत गेल्या. काळ्यांसाठी राखून ठेवलेल्या डब्यातून प्रवास करावा लागला. मुलाला निजवून उत्तरेस आणण्यासाठी रेल्वेत शय्येची जागा त्यांनी मागितली. वर्णामुळे ती मिळाली नाही. ज्या देशाच्या सैनिकांना त्यांनी भरविले, निजविले, त्या देशात त्यांच्या मरणोन्मुख मुलाला आडवे होण्यापुरती फळी मिळाली नाही. मुलगा तेथेच वारला.

१९०२ साली त्यांनी पदरमोड करून आपल्या छावणीतील आठवणींचे पुस्तक बॉस्टन येथे छापले. वृद्ध हिगिन्सन यांनी त्यास प्रस्तावना लिहिली. ट्रोब्रिज यांनी पत्रातून खेद प्रकट केला की, केवळ एका तांत्रिक अडचणीमुळे त्यांचे नाव परिचारिकांच्या निवृत्तिवेतनाच्या यादीत येऊ शकले नाही. अडचण एवढीच, की दप्तरी नोंद धोबीण अशी होती. पुस्तकाच्या अखेरीस सुझीबाईंनी विचारले आहे की, ते युद्ध व्यर्थच गेले काय? यादवीत भाग घेतलेल्या कृष्णवर्णीय स्त्रीने आपले छावणीतील आयुष्य स्वतः लिहून प्रसिद्ध केल्याचे दुसरे उदाहरण दिले जात नाही.

६ ऑक्टोबर १९१२ रोजी त्या वारल्या. बॉस्टनच्या माउंट होप दफनभूमीत त्यांना पुरले, पण थडग्यावर नावाचा दगड नव्हता. तो २०२१ साली बसविण्यात आला. सवानात गुलामगिरीचे कट्टर समर्थक जॉन कॅलहून यांच्या नावाचा एक जुना चौक होता. नगरसभेने २०२३ साली ठराव करून त्यास सुझी किंग टेलर यांचे नाव दिले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नामकरणाचा समारंभ झाला. त्या चौकाला लागूनच मॅसी शाळेची इमारत उभी आहे. शहरातील गरीब गोऱ्या मुलांना मोफत शिकता यावे म्हणून ही शाळा १८५६ साली उघडली. सुझी तेव्हा आठ वर्षांची असून, कागदात गुंडाळलेली पुस्तके घेऊन श्रीमती वुडहाउस यांच्या स्वयंपाकघराकडे जात असे.